नुपूरचं व्हर्साय

"वहिनी, खलास. मला त्या मुलाला भेटायचं नाही," नुपूरनं फोन आपटल्यासारखा बंद केला.

"मॅडम, राजवाडा हिकडं हाय," मागून कुणीतरी म्हणालं.

कतारमधल्या दोह्याचा जुना राजवाडा. त्याच्या अंगणात नुपूर त्याच्याकडेच पाठ करून बसली होती. मागं हातात थापी घेतलेला एक सावळा, उंच माणूस. केसांत पांढरी धूळ... आणि ओठांच्या कोपऱ्यात हसू.

"मी समोरचं म्युझियम बघतेय. फ्रेंच आर्किटेक्टनं बांधलंय."

"त्यानं चित्र काढलं असंल. बांधलं आमच्यासारख्यांनी."

नुपूरला झोंबलं. खरं होतं म्हणून जास्तच झोंबलं.

दहावीत रद्दीच्या दुकानात फ्रेंचचं एक पुस्तक तिच्या हाती लागलं, तेव्हापासून ती त्या भाषेच्या प्रेमात. नाशिकच्या घरात सगळ्यांचं एकच पालुपद. क्लास? सासरी चालेल का ते बघू. व्हर्सायचा राजवाडा? लग्नानंतर नवऱ्याबरोबर जा. बाई एकतीस वर्षांची, पाइपलाइनच्या कंपनीत इंजिनिअर, दोह्याच्या अबू हमूर भागात दादा-वहिनीबरोबर राहते, घराचं अर्धं भाडं भरते, आणि तिनं राजवाडा बघायला नवरा आणायचा! का? नवरा काय तिकीट आहे?

पुढच्या शनिवारी ती पुन्हा आली. राजवाड्यासाठीच, असं तिनं स्वतःला बजावलं. तो धनाजी, साताऱ्याकडचा, राजवाड्याच्या डागडुजीवरचा गवंडी. राहायला इंडस्ट्रियल एरियात, एका खोलीत सहाजण. समुद्राची खारी हवा गिलावा कसा आतून पोखरते, हे त्यानं तिची बोटं भिंतीवर टेकवून दाखवलं. बोटं जरा जास्तच वेळ राहिली...

"तुमच्या त्या व्हर्सायात काय असतं?"

"आरशांचं अख्खं दालन."

"पुसतं कोण?"

ती हसत सुटली. पंधरा वर्षांत हा प्रश्न तिच्या मनातसुद्धा आला नव्हता. तिनं त्याला "बोंजूर" शिकवलं. तो ते बैलाला हाक मारल्यासारखं म्हणायचा, आणि ती मुद्दाम पुन्हा म्हणायला लावायची.

पाचव्या शनिवारी ती धावतच आली. "व्हिसा मिळाला. पुढच्या महिन्यात चाललेय."

धनाजीनं थापी खाली ठेवली. हात पँटीला पुसले. मग खाली बघत म्हणाला, "नुपूर... एकट्या कशाला जाता? लग्न करू आपण. दोन वर्षं थांबा, मी नेतो तुम्हाला."

याच शब्दांसाठी ती पाच शनिवार आली होती. तरी तिच्या डोक्यात सणक गेली.

"तू पण?" 'तुम्ही' कधी गळालं, तिला कळलं नाही. "दादा म्हणतो नवरा नेईल, वहिनी म्हणते नवरा नेईल, आता तू म्हणतोस मी नेतो. मी काय गाठोडं आहे? मला पाय नाहीत?"

तो हादरला. "मला वाटलं... प्रेमात माणूस असंच बोलतो. बापानं आईला जन्मभर सांगितलं, महाबळेश्वर दाखवतो म्हणून."

"मग?"

"आमचं गाव वाईजवळ. तासाभराचा रस्ता." त्याचा आवाज खाली गेला. "अजून गेली न्हाई ती."

अंगणात नुसती गरम हवा फिरत होती. नुपूरचा राग गेला नाही, पण तिला आता दुसरंच कुणीतरी दिसत होतं. डोंगराकडं बघत चुलीपुढं बसलेली एक बाई.

"चुकलो," धनाजी म्हणाला. "जावा तुम्ही. मी लग्नाचं बोललोच न्हाई समजा."

"बोललास, मी ऐकलंय. आता माघार नाही."

"म्हंजे?"

"म्हणजे हो." ती लाजली, आणि लाजल्याचाही तिला राग आला. "पण व्हर्सायला मी एकटी जाणार. तिकडून आले की सुट्टी काढून तुझ्या आईला महाबळेश्वरला नेणार. आम्ही दोघीच."

"आन् मी?"

"तू घरी वाट बघायची," नुपूर म्हणाली. "आजवर आम्हीच बघत आलो."