बदकाचा डोळा

आक्कांचा हात मशीनवर इतका बसलेला होता की दोरा तुटायच्या आधीच त्यांना त्याची चाहूल लागायची. भरतकामाचा तो कारखाना म्हणजे वरच्या मजल्यावरची एक लांबट खोली, तीन मशीनं आणि एक अंधारा जिना. तिथे आक्का वीस वर्षं तान्ह्या मुलांच्या झबल्यांवर बदकं काढत होत्या. म्हणजे काढायचं मशीनच. आक्कांनी रिंगेत कापड ताणायचं, दोरे ओवायचे आणि लक्ष ठेवायचं. आधी पिवळं अंग, मग नारिंगी चोच आणि सगळ्यात शेवटी काळ्या दोऱ्याचा मुगाएवढा डोळा. झालं बदक.

त्या दिवशी पहिल्याच झबल्यावर डोळ्यापाशी दोरा तुटला. आक्कांनी पुन्हा ओवला, पुन्हा तुटला. रीळ बदललं, ताण जरा सैल केला, तरी तेच. चौथ्या वेळी टक् असा आवाज झाला आणि सुईच मोडली.

आता अशा ठिकाणी एक नियम असतो. मोडलेल्या सुईचे सगळे तुकडे शोधायचे, जुळवून वहीत चिकटवायचे, तेव्हाच मालकीणबाई नवी सुई देणार. एखादा तुकडा सापडला नाही, तर झबल्यांची ती अख्खी थप्पी जागची हलायची नाही. तान्ह्या जिवांचे कपडे, तेव्हा नियम रास्तच म्हणायचा. पण सुईचं टोक काही केल्या सापडेना. आक्कांनी टेबलावर लोहचुंबक फिरवलं, फरशीवर फिरवलं, झबलं तीनदा उलटसुलट करून बोटांनी चाचपलं. नाही म्हणजे नाही.

माल संध्याकाळी जायचा होता आणि मालकीणबाई सकाळपासून तोंड पाडून बसल्या होत्या. मागच्याच महिन्यात सुईच्या तुकड्यावरून त्यांनी एका बाईला कायमचं घरी बसवलं होतं. मग आक्कांनी काय केलं, तर खणातल्या एका जुन्या सुईचं टोक मोडून वहीत चिकटवलं. वीस वर्षांत पहिल्यांदाच. एवढ्याशा तुकड्यानं काय आभाळ कोसळणार आहे, असं त्यांनी स्वतःला समजावलं. माणूस समजावतोच की.

राहिलं ते बिनडोळ्याचं झबलं. ते कुणाच्या नजरेला पडायला नको होतं. बिघडलेला कपडा कामगारांनी घरी न्यायची पद्धत होतीच, आणि तेवढ्यात सून बाळाला कडेवर घेऊन घराची किल्ली मागायला आली. आक्कांनी घडी करून झबलं तिच्या पिशवीत सारलं. चार महिन्यांचा नातू आजीकडे बघून बोळकं पसरून हसला.

पुढच्या झबल्यावर सुई पुन्हा डोळ्यापाशीच मोडली. या खेपेला टोक समोरच पडलेलं होतं. मालकीणबाईंनी वैतागून मिस्त्रींना बोलावलं.

मिस्त्री म्हणजे तोंडाचा पट्टा सुरू ठेवून हात चालवणारा माणूस. मशीनशी ते लाडक्या लेकीशी बोलावं तसं बोलायचे. आधी त्यांनी सुई उलटी तर बसली नाही ना ते पाहिलं, मग रिंग घट्ट केली, दोरा नखावर ओढून जुना आहे का ते तपासलं. दर खेपेला एका चिंधीवर फक्त डोळा चालवून बघायचे, आणि दर खेपेला टक्.

पहिल्या टक्‌नंतर लगेच सुनेचा फोन आला. बाळ झोपेतून किंचाळून उठलंय, काही केल्या गप्प बसत नाही म्हणाली. आक्कांनी त्याच्या अंगात कुठलं झबलं आहे ते विचारलं, तर तेच. आधी ते काढ, असं त्यांनी बजावलं. दुसऱ्या टक्‌नंतर पुन्हा फोन आला. झबलं काढलं होतं, उजेडात धरून पाहिलं होतं, त्यात काहीच नव्हतं. बाळ नुसतं लंगोटावर होतं आणि तरी मघासारखंच किंचाळलं होतं.

तिसऱ्या वेळी आक्कांनी फोन बंदच केला नाही. कानाला लावून मशीनपाशी उभ्या राहिल्या. मिस्त्रींनी बटण दाबलं. सुई खाली गेली, टक् झालं, आणि त्याच क्षणी फोनमधून बाळाचा टाहो ऐकू आला.

"मिस्त्री, जरा थांबा," त्या कशाबशा म्हणाल्या.

मिस्त्रींनी मान वर केली नाही. मालकीणबाईंनी मात्र केली. कशाला थांबायचं, माल अडलाय तो दिसत नाही का, कारण काय ते सांगा, असं त्यांनी विचारलं. कारण सांगायचं तर वही उघडायला हवी होती. फोन धरून आक्का बाहेर जिन्यात गेल्या आणि हलक्या आवाजात सुनेला म्हणाल्या, बाळाचं अंग नीट बघ, पाठ बघ, छाती बघ.

फोनमध्ये थोडा वेळ नुसतं हुंदके देणारं बाळ ऐकू येत होतं. जिन्यात मशीनच्या तेलाचा वास कोंडला होता.

"आई... याच्या छातीवर काहीतरी उमटलंय."

"काय गं?"

"बारीक बारीक ठिपके... टोचल्यासारखे. रक्त नाही, पण ओळीनं आहेत. आई, हे... हे बदकासारखं दिसतंय."

आक्कांनी कठडा धरला. "सगळं? सगळं आहे?"

"डोळा नाहीये."

आत मिस्त्री मालकीणबाईंना मोठ्या आवाजात सांगत होते की चोर सापडला. सुई ज्या भोकातून खाली जाते त्याच्या कडेला एक सूक्ष्म खाच होती, नखाला लागणारही नाही इतकी. आता पॉलिश पेपरनं घासून गुळगुळीत केली, आता बघा कशी पळते ते.

आक्का वळल्या. जेमतेम पाच पावलांचं अंतर होतं, पण ते सरेना. "थांबवा ते! टोक खोटं आहे, वहीतलं टोक मी खोटं लावलंय!" असं ओरडायला त्यांनी तोंड उघडलं, पण मिस्त्रींचं बोट आधीच बटणावर पडलं होतं. मशीन सुरू झालं. कुठेही न अडखळता, लोण्यातून सुरी जावी तसं ते चाललं आणि काम संपल्याची शिटी वाजवून थांबलं.

"बघा!" मिस्त्रींनी चिंधी नाचवली. चिंधीवर काळा, गोल, सुबक डोळा होता.

फोनमध्ये अगदी शांत झालं होतं.

"आई..." सून म्हणाली, "थांबला बघा रडायचा."

संध्याकाळपर्यंत ठिपके मावळले. डॉक्टरांनी एक्स-रे काढून पाहिला, छातीत काहीही नव्हतं. आक्कांनी दुसऱ्या दिवशी मालकीणबाईंपुढे सगळं कबूल केलं, तर माल केव्हाच गेला, आता विषय उकरू नका, असं उत्तर मिळालं. घरी सुनेला मात्र त्या आजवर सांगू शकलेल्या नाहीत. सांगून करायचं तरी काय, हे त्यांना कळत नाही.

नातू आता दोन वर्षांचा आहे. खातो, खेळतो, बोबडं बोलतो. फक्त त्या दुपारपासून तो एकदाही रडलेला नाही. पडला, कपाळ फुटलं, तरी नाही. आक्का त्याला चिमटा काढून बघतात आणि मग स्वतःच रडत बसतात. लस टोचायला नेलं की बाकीची पोरं दवाखाना डोक्यावर घेतात. हा मात्र सुई दिसली की आजीचं बोट सोडतो, आपला आपण सदरा वर करतो आणि छाती पुढे काढून वाट बघत उभा राहतो.