बेहालाची दुभाषी

कुणाच्या अडीअडचणीला धावायचं म्हटलं की मंदाकिनीबाईंना हातातलं काम सुचत नसे, हे भवानीपूरच्या आम्हा मराठी मंडळींत सगळ्यांना ठाऊक. जन्म कलकत्त्याचा, नोकरी शाळेत, बंगाली इतकं अस्सल की मासळीवालीसुद्धा वचकून असायची. बावन्न साली, ऐन थंडीत, बेहालाकडच्या एका खासगी मनोरुग्णालयातून निरोप आला. बदलून आलेल्या कुणा मराठी अधिकाऱ्याची बायको तिथं होती, मराठीवाचून चकार शब्द बोलत नव्हती, दुभाषी हवी होती. बाई दुपारीच निघाल्या. एरवी गोल साडी नेसायच्या. पण त्या बिचारीला माहेरचं माणूस भेटल्यासारखं वाटावं म्हणून मुद्दाम नऊवारी नेसल्या. हौस हो, दुसरं काय!

डॉक्टर शरच्चंद्र सेन मोठे सौम्य गृहस्थ.

"पूर्वी ह्याला तरुणपणी येणारा बुद्धिभ्रंश म्हणत, आता स्किझोफ्रेनिया म्हणतात," ते म्हणाले. "कुणाला अन्नात विष दिसतं. कुणाला रेडिओ आपल्याचबद्दल बोलतोय असं वाटतं. कुणी म्हणतं, घरची माणसं नेऊन तोतये आणून बसवलेत. शकुनबाईंचा भ्रम कोणता, तेवढं काढून घ्या. उद्यापासून इन्सुलिन देऊन त्यांना रोज बेशुद्ध करायचंय."

खोलीत फिनेलचा आणि नासलेल्या दुधाचा वास कोंडला होता. खिडकीला गज. खाटेवर शकुन बसली होती, अंगावर बंगाली गोल साडी. बाईंना पाहून ती हसली.

"आलात? मीही अशीच आले होते..."

"कशाला गं?"

"दुभाषी म्हणून. आतल्या बाईशी बोलायला. मग मला ठेवून घेतलं..."

बाई तशाच उठल्या. बाहेर येऊन त्यांनी शब्दन्‌शब्द सांगितला. 'रुग्ण स्वतःला दुभाषी समजते,' असं डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलं आणि पाळी संपली म्हणून ते घरी गेले. बाईंनीही निघावं की नाही? पण न सांगता कसं जायचं, म्हणून निरोप घ्यायला पुन्हा आत गेल्या. भिडस्तपणा नडतो तो असा.

शकुन शांतपणे उठली, दारापाशी गेली आणि नव्या पाळीच्या आयाला म्हणाली, "बोलणं झालं. दार लावून घ्या." स्वच्छ बंगालीत! आयानं काष्ट्याचं लुगडं नेसलेली मराठी बाई आत पाहिली, बंगाली बोलणारीला बाहेर सोडलं आणि कडी घातली.

बाईंनी दार बडवलं. हात सुजले, घसा बसला, तेव्हा कुठे दुसरे डॉक्टर आले. तरुण होते, हातात तोच केसपेपर.

"अहो, मी दुभाषी आहे! माझी चूक नाही हो, ती बाहेर गेली..."

"हो, हो. इथं लिहिलंय, तुम्ही दुभाषी आहात."

"पण मी बंगाली बोलतेय ना तुमच्याशी!"

"तेच तर." ते आयाकडे वळून हळूच म्हणाले, "बोलायला लागल्या. सुधारणा आहे. उद्या सकाळी उपाशी ठेवा."

दाराला पुन्हा कडी लागली. आता ओरडावं तर वेड, गप्प राहावं तरी वेडच. एकच आशा उरली होती. पाच वाजता शकुनचा नवरा भेटायला येणार, असं डॉक्टर सेन बोलले होते. परक्या बाईला तो बायको कशी म्हणेल?

पाच वाजले. कडी निघाली. श्यामराव आत आले, मागोमाग चारेक वर्षांची मुलगी. बाईंनी हात जोडले.

"अहो, ह्यांना सांगा, मी तुमची कुणी नव्हे... पाया पडते तुमच्या."

श्यामरावांचे डोळे भरून आले. "शकुन," ते पुटपुटले, "निदान लीनाशी तरी बोल गं."

"आई!" म्हणत पोर धावली आणि कमरेला बिलगली. बाईंनी तिला दूर सारायला हात उचलला. उभ्या जन्मात त्यांना मूलबाळ झालं नव्हतं. हा श्यामराव नि ही पोर त्यांनी कधी डोळ्यांनीसुद्धा पाहिली नव्हती.

हात पोरीच्या केसांत गेला, आणि न शोधता बोटं उजव्या कानामागच्या जुन्या खोकेवर जाऊन थांबली. दोन टाके पडले होते तिथं. पोर किती रडली होती, तेही बाईंना आठवलं.