आधी स्नॅपशॉट घे

मिरचीच्या रोपांचे ट्रे रोज कमी भरायला लागले, तेव्हा वृषाली एका दुपारी कॅमेऱ्याचं चित्रण बघायला ऑफिसात जाऊन बसली. काम एवढंच होतं. शेजारची शेळी जाळीत शिरते की दोन पायांचं कोणी, ते बघायचं आणि घरी जाऊन जेवायचं.

ऑफिस हे आपलं म्हणायला. अंथुर्ण्याच्या शिवारात त्यांची रोपवाटिका, तिच्या हिरव्या जाळीला लागून पत्र्याची एक खोली, समोर अंगण, अंगणापलीकडे राहतं घर. दुपारी खोलीत बसलं की माणूस भाजून निघायचा. वर पत्रा कडकड वाजत असायचा आणि भिजवलेल्या नारळाच्या भुशाचा, कोकोपीटचा, कुबट वास नाकात बसायचा. कॅमेरा घराच्या कोपऱ्यावर होता. त्यात कडेला ऑफिसचं दार दिसे, मधे अंगण आणि लांब रस्त्याचं फाटक.

कॉम्प्युटर तिच्या नवऱ्याचा, अविराजचा. तो जाऊन तेव्हा चार महिने होत आले होते. असल्या उचापतीत त्याचं डोकं भारी चालायचं. कॅमेऱ्याचं सॉफ्टवेअर जुनाट, जुन्या विंडोजशिवाय ते हलत नसे, आणि व्हायरसला वैतागून यानं नव्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स घातलेलं. मग पठ्ठ्यानं नेटवरून एक फुकटचं सॉफ्टवेअर उतरवलं. त्याच्या पोटात एका चौकटीत जुनं विंडोज कॅमेऱ्यासाठी, दुसऱ्या चौकटीत वेगळं विंडोज बिलांसाठी. एकाच डब्यात तीन कॉम्प्युटर, आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही. सासूबाई, बनाबाई, बघून म्हणाल्या होत्या, "एका घरात तीन चुली. आन तिन्ही चुलींवर ह्योच एकटा सैपाकी."

त्या दिवशी ते जुनं विंडोज अडकून बसलं. काही केल्या हलेना. वृषालीला आठवलं, असं झालं की मागं जायची सोय आहे. आतलं मशीन चालू असतानाच त्याचा स्नॅपशॉट घेऊन ठेवायचा. मग पुढं काहीही बिघडो, त्या क्षणाला परत जाता येतं. पडद्यावर तेव्हा जे होतं ते जिथल्या तिथं उघडतं, मधलं काही घडलंच नाही अशा थाटात.

यादीत एकच स्नॅपशॉट होता. तो तिनंच घेतलेला, आणि कोणत्या दुपारी, ते तिला विसरणं शक्य नव्हतं.

मिरचीचा एक अख्खा वाफा तिनं स्वतःच्या हातानं वाढवला होता. अविराजनं तो तिला न विचारता मित्राला देऊन टाकला. ती ऑफिसात येऊन त्याच्यापुढं उभी राहिली. "या घरात मला कोण इचारतं का? मी हितं ऱ्हाऊ का काटेवाडीला जाऊ, तेवढं तोंडानं सांगा." काटेवाडी तिचं माहेर. अविराजनं पडद्यावरून मानसुद्धा वर केली नाही. नुसता जबडा आवळला, उठला आणि दारातून म्हणाला, "आधी स्नॅपशॉट घे. मग अपडेट लाव."

बायको विचारते राहू का जाऊ, आणि नवरा सांगतो स्नॅपशॉट घे. वृषालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं दात-ओठ खात ते बटण दाबलं तेव्हा तो अंगण ओलांडत होता. तासाभरात निरोप आला. वळणावर उसाची ट्रॉली उलटली होती आणि तो खाली सापडला होता.

लोक म्हणाले, पोरगी रडत नाही. रडणार कशी? तिला राग आला होता. उत्तर न देता निघून गेलेल्या माणसावर रागवावं, तर तो माणूस जागेवर नाही. फोटोला हारसुद्धा ती त्या रागातच घालायची.

तर तिनं तो स्नॅपशॉट परत आणला. चौकट काळी झाली, उजळली आणि कॅमेऱ्याचं चित्र आलं. अंगणात अविराज होता. निळा शर्ट, पाठमोरा, एक पाऊल उचललेलं, फाटकाकडे चाललेला. क्षणभर पंख्याचा आवाजसुद्धा तिला ऐकू येईना. मग चित्र थरथरलं, कॅमेरा जोडला गेला आणि आजचं रिकामं अंगण दिसायला लागलं.

तिला कळलं काय झालं ते. बटण दाबलं तेव्हाचं शेवटचं चित्र त्यात गोठलेलं होतं. आजचं चित्र येईपर्यंत ते दिसायचं, दोन-चार श्वास, तेवढंच. दुसरी एखादी ढसाढसा रडली असती. वृषालीनं पुन्हा स्नॅपशॉट उघडला आणि त्या पाठीला म्हणाली, "उत्तर द्यायचं जीवावर आलं व्हय?"

मग तो नादच लागला, शेळी राहिली बाजूला. रोज भरदुपारी, बनाबाई जरा आडव्या झाल्या की ती ऑफिसात येई, त्याला उभा करी आणि जमेल तेवढं बोलून घेई. वाफा, काटेवाडी, न बोलता उठून जायची त्याची खोड, एकटीवर टाकलेली रोपवाटिका. एकदा अपुरं पडलं तर पुन्हा उघडायचं. हा माणूस आता उठून जाऊ शकत नव्हता. याचं तिला बरं वाटायचं, हे खोटं कशाला सांगा.

उन्हं तापायला लागली तेव्हाची गोष्ट. एका दुपारी तिला त्याचा कान दिसला.

आधी नुसते मागचे केस दिसायचे. ती स्वतःवरच चिडली, डोळे चोळले, पुन्हा उघडलं. कान होताच. आणि उचललेलं पाऊल आता जमिनीवर टेकलं होतं.

तिनं बारामतीला धाकट्या बहिणीला फोन लावला. मोना तिथं कॉम्प्युटरच्या वर्गात शिकवायची.

"मोने, स्नॅपशॉटमधलं चित्र बदलतं का गं?"

"न्हाय बदलत ताई. गोठलेलं असतंय ते. कितीदा बी उघड, तेच येणार."

"आन बदललं तर?"

मोनाला त्या दुपारची सगळी हकीकत माहीत होती. "तू रोज बघतीस का त्याला? ताई, डिलीट कर ते. बाबा न्यायला येत्यात, तू चल इकडं."

"उत्तर मिळाल्याबिगर न्हाय येणार," वृषाली म्हणाली आणि फोन ठेवला.

त्यानंतर तो रोज थोडा थोडा वळू लागला. कानानंतर गालाचं हाड. मग टाच फिरली, चपलेचं टोक फाटकाकडून ऑफिसकडे आलं. मग एके दिवशी जबडा दिसला, आवळलेला, आणि कानशिलावरची फुगलेली शीर. तो चिडला की अशीच फुगायची. पण चिडून तो नेहमी बाहेर जायचा. या खेपेला तो चिडून मागं वळत होता.

वृषालीच्या अंगावर काटा आला, पण तिचाही हट्ट काही कमी नव्हता. "वळा," ती म्हणाली. "एकदाचं वळा आन बोला."

त्या रात्री जेवताना बनाबाईंनी भाकरी मोडता मोडता विषय काढला. अविराज गेल्यापासून त्यांनी पडद्याकडे पाहिलं नव्हतं, त्यांना कोणी सांगितलंही नव्हतं.

"पोरी, माझा अवी ल्हानपणी झोपंतून उठवला की लय चिडायचा. दिसंल त्ये फेकून मारायचा."

"आत्या, आज ह्ये मधीच काय?"

"रोज रोज हलवू नगंस त्याला." त्यांनी वर पाहिलं नाही. "मी दुपारची पडते, तवा अंगणात चपला फरफटल्याचा आवाज येतोय. आधी फाटकापाशी यायचा. आता... आता लय जवळ येतोय."

वृषाली उठून हात धुवायला गेली. तिला भीती वाटली, आणि भीती वाटली याचाच संताप आला. मेले तरी यांचाच तोरा, आणि ऐकून घ्यायचं परत आपणच. तिनं ठरवलं, उद्या शेवटचं. उद्या त्याचं तोंड बघायचं, जे काय असेल ते ऐकायचं आणि डिलीट करून टाकायचं.

दुसऱ्या दिवशी वारं पडलं होतं. जाळीतले फवारे बंद, अंगणात कोंबडीसुद्धा नव्हती. वृषालीनं झळा नकोत म्हणून ऑफिसचं दार लावून घेतलं, खुर्चीत बसली आणि स्नॅपशॉट उघडला.

चौकट उजळली. त्या दुपारचंच अंगण, त्या दुपारचंच ऊन, फाटकाशी त्याची मोटारसायकल. अविराज नव्हता.

तिनं पुन्हा उघडून बघितलं. नव्हता. जिथं तो रोज उभा असायचा, तिथं नुसती माती होती. वृषाली पडद्याजवळ वाकली. गोठलेल्या चित्रातून माणूस जाणार कुठं?

मग चित्र थरथरलं आणि आजचं अंगण आलं.

अंगणात बनाबाई होत्या. डोक्यावर पदर नाही, पायात चप्पल नाही, भर उन्हात ऑफिसच्या दाराकडे पाठ करून उभ्या. दोन्ही हात पुढं ताठ, तळवे उघडे, बैलाला मागं रेटावं तसे. त्यांच्यापुढं काहीच नव्हतं. आणि त्या मागं सरकत होत्या. पाय उचलत नव्हत्या, नुसत्या सरकत होत्या, आणि त्यांच्या टाचा मातीत दोन ओळी ओढत ऑफिसकडे येत होत्या.

पत्र्याच्या पलीकडून त्यांचा दबका आवाज आला.

"न्हाय... न्हाय लेकरा. तिला काय करू नगंस. मी सांगते तिला... न्हाय उठवायची पुन्हा... माघारी फिर..."

पडद्यावर त्यांची पाठ दाराला येऊन टेकली. त्याच क्षणी खोलीचं दार धाडकन आत वाकलं आणि कडी थडथडली.

आता खरं तर तिनं ओरडायला हवं होतं. पण त्या बाहेरच्या म्हातारीच्या धापा ऐकून तिच्या डोक्यात रागाचा एकच लोळ उठला. आईला असं रेटतात? तिनं कडी काढली आणि दार ओढलं. बनाबाई अर्ध्या आत कलंडल्या. वृषालीनं त्यांना धरून सावरलं, अंगणात एका बाजूला केलं आणि स्वतः उंबऱ्याबाहेर जाऊन उभी राहिली.

"सोडा त्यांना, आत्या. येऊ द्या."

"वृषाली, तू आत जा गं... तो..."

"माझ्यावर चिडलाय न्हवं? मग माझ्याशी बोला." समोरच्या रिकाम्या उन्हाकडे बघत ती म्हणाली. "म्हातारीला काय रेटताय? तवा बी इचारलं, आता बी इचारते. ऱ्हाऊ का जाऊ?"

काही हललं नाही. मग पेट्रोलचा आणि घामाचा ओळखीचा वास आला, इतका जवळून की तिनं डोळे मिटले. कानाशी एक गरम श्वास लागला. आवाज त्याचाच होता, आवळलेल्या दातांतून आलेला.

"ऱ्हा."

एवढंच. वास गेला. श्वास गेला. बनाबाई अंगणात मटकन खाली बसल्या आणि पदरात तोंड घालून हमसू लागल्या.

वृषाली वळली, आत आली, खुर्चीत बसली. तिला नवल वाटलं ते एकाच गोष्टीचं, की राग नव्हता. इतके महिने छातीत धगधगत होता, तो कुणीतरी काढून नेला होता. त्याच्या जागी काहीच नव्हतं. आता हे डिलीट करायचं आणि म्हातारीला पाणी द्यायचं, असं मनाशी म्हणत तिनं माउसवर हात ठेवला आणि पडद्याकडे पाहिलं.

चित्र आत्ताचंच होतं. कोपऱ्यातले सेकंद पळत होते. बनाबाई अंगणात बसल्या होत्या, डोळे पुसत होत्या. आणि ऑफिसच्या दारात वृषाली उभी होती. पाठमोरी, आत शिरण्यासाठी एक पाऊल उचललेलं. ते पाऊल खाली येत नव्हतं, स्नॅपशॉटमधल्या अविराजच्या पावलासारखं.

वृषालीनं मान वळवून दाराकडे पाहिलं. दार उघडं होतं, बाहेर पांढरं ऊन होतं. उंबऱ्यात कोणी नव्हतं.

"आत्या," तिनं हाक मारली. तिचा आवाज तिला स्वतःला नीट ऐकू आला.

पडद्यावर बनाबाई उठल्या, पदर सावरला आणि दाराकडे आल्या. "वृषाली, अगं उन्हात कशाला उभी? आत जा की."

"आत्या, मी आतच हाय."

बनाबाईंना ऐकू गेलं नाही. त्या जवळ आल्या आणि दारात उभ्या असलेल्या वृषालीच्या पाठीवर त्यांनी मायेनं हात ठेवला. खुर्चीतल्या वृषालीला तो हात लागला नाही.