वश्ती म्हणजे काय

पाटीवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं — डॉ. वसंती झिराडकर.

"माझं नाव वश्ती आहे," ती म्हणाली.

हमजाने ब्रश खाली ठेवला. जुन्नरच्या बाजारात तो पाट्या रंगवायचा. आजवर कुणाचं नाव चुकलं नव्हतं. "मला वाटलं, चिठ्ठीत तुमीच घाईत लिवलंय. असलं नाव कधी ऐकलं न्हाई, डॉक्टर."

ती हसली. महाळुंगे पडवळला गुरांचा दवाखाना काढायला आल्यापासून निम्म्या गावासाठी ती वसंतीच होती. "आम्ही बेने इस्राएल, म्हणजे ज्यू. आमच्या हिब्रू धर्मग्रंथात वश्ती ही इराणची राणी. राजाने भर मेजवानीत, पाहुण्यांना तिचं रूप दाखवायला बोलावलं. ती गेलीच नाही. राणीपद गेलं... बाबांना ती फार आवडायची."

"अन् अर्थ?"

"नक्की कुणालाच माहीत नाही. नाव फारसी असावं, एवढंच."

"मग गुरुवारी या. पाटी देतो... अर्थ पण बघतो."

गुरुवारी पाटी बिनचूक होती. त्याच्या कानाला निळा रंग लागलेला.

"जुन्या इराणी भाषेत 'वहिश्त' म्हणजे सगळ्यांत उत्तम," तो म्हणाला. "काही जाणकार म्हणतात, तुमचं नाव त्यातलंच. आमच्या उर्दूतलं 'बहिश्त'ही तिथूनच आलंय."

"बहिश्त म्हणजे?"

"स्वर्ग," तो हळूच म्हणाला.

"सगळ्या गिऱ्हाइकांना असंच सांगता?"

"काल खताच्या दुकानाची पाटी केली. त्यांना न्हाई सांगितलं."

पुढच्या आठवड्यात तो चाचीची शेळी घेऊन दवाखान्यात आला. शेळी ठणठणीत होती. त्यानंतर त्याला शेळीची गरज लागली नाही.

दिवाळीनंतर एकदा कळंबला चहा घेताना वश्ती म्हणाली, "इस्राएलच्या मावशीने माझ्यासाठी मुलगा बघितलाय."

हमजाचा चेहरा उतरला. "मग?"

"कालच नाही म्हणून सांगितलं. तू विचारशील म्हणून किती दिवस थांबले..."

"अब्बा लई चिडतील, वश्ती."

"आईही चिडेल. तू तुझ्या धर्मात, मी माझ्या. लग्न नोंदणी करून. जमेल?"

त्याने कप खाली ठेवला. "जमेल. अब्बांना आजच सांगतो."

तिने तिथंच फोन लावला. "आई, मी लग्न ठरवलंय. मुलगा जुन्नरचा आहे, मुसलमान आहे. ...नाही, ओरडू नकोस. आधी त्याच्याशी बोल."

फोन तिने हमजाच्या हातात दिला. तो उठून उभा राहिला.

"आई, मी हमजा. रविवारी घरी येऊ का?"