काचेवरचा फिकट डाग

झुंबरबाई बस म्हटलं तरी बसेना. पदराची गाठ सोडून तिनं उरलेल्या दोन कॅप्सूल टेबलावर आपटल्या.

"ही औषधं खाऊन माझी पोर मेली की बाई! डॉक्टर म्हंतोय, टायफॉइड व्हता, नशीब तुझं. औषध घेऊन मरायचं, ह्ये कसलं नशीब?"

हंबीररावांच्या कपाळाची शीर ताठली. हवालदारकीतून निवृत्त झाल्यावर ते श्यामलाबाई देशिंगकरांना तपासात मदत करत. राग आवरायला मात्र अजून शिकले नव्हते. श्यामलाबाई पूर्वी कोल्हापुरातल्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायच्या, आता खासगी तपास करायच्या.

"पोर कॅप्सूल गिळायची?" त्यांनी विचारलं.

"न्हाय. ल्हान व्हती. मीच उघडून पाण्यात कालवून द्यायची. मुकाट प्यायची बिचारी. एकदा तोंड वाकडं केलं न्हाय."

श्यामलाबाईंनी हंबीररावांकडे पाहिलं. हंबीररावांना त्यात विशेष काही दिसलं नाही.

दुपारच्या एसटीनं दोघं कागलच्या दवाखान्यात पोहोचली. पोरीला औषध देणाऱ्या डॉक्टर अंबादास हेर्लेकरांनी हातातलं पेनही खाली ठेवलं नाही.

"टायफॉइडवरचं हे क्लोरॅमफेनिकॉल भयंकर कडू असतं. पोरीनं थुंकून टाकलं असणार. अडाणी बाई ते कशाला सांगेल? माझा सगळा माल शाहूपुरीतल्या गणपतरावांकडून येतो. कपाटाची एक किल्ली मात्र कंपाउंडरकडं असते. त्याला विचारा."

कंपाउंडर बंडू डोळे तारवटून बाकावर बसला होता. "घरला कारभारीण तापानं फणफणलीया. त्या पोरीला दिल्या, त्याच बाटलीतल्या कॅप्सूल देतोय तिला. ताप हटंना झालाय."

"नाटकं करतोस?" हंबीररावांनी त्याची गचांडी धरली. "आतलं औषध तूच काढलंस!"

"सोडा त्याला," श्यामलाबाई कडाडल्या. "बंडू, हे औषध मध्ये कधी संपलं होतं?"

"न्हाय की. दोन म्हैनं झालं, कपाटात भरल्या बाटल्या हायतीच."

त्या बाटलीतल्या दोन कॅप्सूल बाईंनी मागून घेतल्या.

शाहूपुरीत घाऊक औषधविक्रेते गणपतराव आधी उखडलेच. "आमचा माल सीलबंद! वाटेल ती बाटली उचला, पावणं."

बाईंनी मागच्या फळीवरची एक उचलली. गणपतराव जरा निवळले. "हेर्लेकर आमचं जुनं गिऱ्हाईक. एरवी बंडू येतो. गेल्या म्हैन्यात मात्र डॉक्टर स्वतः आलते. आईला टायफॉइड झालाय म्हणून एक बाटली न्हेली. म्हातारी आता ठणठणीत हाय."

घरी येताच बाई कामाला लागल्या. फोटोची चौकट बनवणाऱ्याकडून आणलेल्या काचेवर पांढऱ्या पावडरीचा पातळ थर दिलेला होता. प्रत्येक कॅप्सूलमधली भुकटी सारख्याच स्पिरिटात विरघळवून तिचा थेंब थरावर ठेवला. शेजारी कॉलेजातून मिळालेल्या शुद्ध औषधाचे थेंब: पूर्ण ताकदीचा, अर्ध्या, पाव, दहाव्या हिश्श्याचा. मग काच लोणच्याच्या बरणीत उभी केली. तळाशी ओतलेलं द्रावण थरातून वर चढत गेलं आणि प्रत्येक पदार्थाला आपापल्या उंचीला नेऊन सोडत गेलं. शेवटी आयोडिनची वाफ दिली, तसे तपकिरी डाग उमटले.

हंबीरराव वाकून बघत होते. सीलबंद बाटलीचा डाग पूर्ण ताकदीच्या डागाइतकाच गडद होता. झुंबरबाईच्या आणि बंडूच्या कॅप्सूलचे डाग जेमतेम दिसत होते, दहाव्या हिश्श्याच्या डागासारखे.

"म्हणजे नऊ हिस्से भलतंच?"

"पिठीसाखर असणार, म्हणून तर पोरीला कडू लागलं नाही. आधी बंडूच्या बायकोला सरकारी दवाखान्यात हलवा. ही सीलबंद बाटली बरोबर द्या. नंतर फौजदारांना घेऊन कागलला या."

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात सगळे जमले. झुंबरबाई भिंतीला टेकून उभी होती.

"पोरीनं औषध थुंकलं नाही," श्यामलाबाईंनी सुरुवात केली. "खरं असतं तर थुंकलं असतं. डॉक्टर, कडूपणाचं तुम्हीच सांगितलंत. गणपतरावांचा माल चोख निघाला, तेव्हा भेसळ या कपाटात झाली. किल्ल्या दोन."

"मग बंडू!" डॉक्टर म्हणाले.

"बंडूनं तीच कॅप्सूल स्वतःच्या बायकोला दिली. भेसळ ठाऊक असलेला माणूस देईल? आता तुमचं. आई आजारी पडली, तेव्हा इथं कपाट भरलेलं होतं. तरी तुम्ही स्वतः शाहूपुरीला जाऊन सीलबंद बाटली आणलीत. का?"

"साठा संपला होता."

"खोटं!" बंडू ओरडला. "भरल्या बाटल्या व्हत्या! माझी बायको मरत व्हती, आन् तुमी रोज इचारायचा, कशी हाय म्हणून!"

काल ज्याची गचांडी धरली, त्याच्याकडे हंबीररावांना बघवेना. मुठी मात्र डॉक्टरांसाठी वळल्या होत्या.

"एका बाटलीतलं औषध दहा बाटल्यांत वाटलंत," श्यामलाबाई म्हणाल्या. "आईसाठी तेवढं पूर्ण ठेवलंत."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "टायफॉइडमध्ये माणसं मरतातच. ती पोर तशीही गेली असती."

हंबीरराव पुढे झाले, पण झुंबरबाईनं त्यांना हातानं अडवलं. ती डॉक्टरांच्या अगदी समोर गेली.

"ती पोर, ती पोर. नाव काय तिचं?"

डॉक्टर चष्मा पुसू लागले.

"नाडी धरलीस, जीभ बघितलीस, औषध दिलंस. नाव सांग की!"

त्यांना आठवेना. फौजदारांनी खुर्ची मागे सारली.

"सुंदरा," झुंबरबाई म्हणाली. "सुंदरा व्हतं तिचं नाव. आता कोर्टात उभा ऱ्हा, आन् सगळ्यांम्होरं त्ये नाव घे."