महांतेशची रांग

विषय : कसबे धारूर येथील सातबाऱ्यावरून महांतेश यांचे नाव मयत म्हणून कमी करणेबाबत.
संदर्भ : १) चुलते बसप्पा यांचा अर्ज, दि. २ फेब्रुवारी १९९८. २) आई दानम्मा यांची हरकत, सोबत वर्तमानपत्र एक, मुलाचा कॉलेजचा फॉर्म एक.

एवढं लिहून कारकून त्रिंबकराव भर दुपारी वाचनालयाकडे निघाले. काम साधं होतं. सात वर्षं ज्याची खबर नाही तो मेला, असं कायदा धरून चालतो. बसप्पा तर दुसऱ्या वर्षापासूनच धरून चालले होते. दानम्माचं म्हणणं एवढंच, की जमीन घ्यायची तर घ्या, पण माझा पोरगा मेला असं कुठं लिहू नका.

आखातात युद्ध पेटलं तेव्हा औरंगाबादेत विद्यार्थ्यांनी ‘युद्ध नको’ म्हणून मोर्चा काढला होता. महांतेश त्यात गेला तो खोलीवर परतलाच नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात मोर्चाचा फोटो आला. अमेरिकेने त्याची दखल घेतल्याचं ऐकिवात नाही. दानम्माने घेतली. तिच्या हरकतीतलं एक वाक्य वाचून सगळी कचेरी हसली होती : ‘फोटोतला मुलगा दरसाल एक रांग पुढे येतो, सबब तो जिवंत आहे.’

घरचा पेपर पुराव्याला चालत नाही. तो वाचनालयाच्या बांधीव फायलीशी ताडायचा, आणि एकाने दुसऱ्याचं बघून लिहू नये म्हणून दोघांनी वेगवेगळं पाहून नोंद करायची, अशी रीत. ग्रंथपाल रामहरीने कपाट उघडलं. डांबराच्या गोळ्यांचा आणि कुजक्या कागदाचा वास आला. दानम्मा दाराजवळच्या बाकावर हात पदरात घेऊन बसली होती.

आधी त्रिंबकरावांनी पाहिलं. दहा रांगा. घोषणा देणारी उघडी तोंडं, सगळ्यांची नजर समोर. तिसऱ्या रांगेत मात्र एक पोरगा तोंड मिटून सरळ कॅमेऱ्याकडे बघत होता. कपाळावर भस्माचे पट्टे. दानम्माच्या पेपरातही तसंच. त्यांनी ‘तिसरी रांग’ असं लिहिलं आणि कागद उपडा ठेवला.

मग रामहरी वाकला. त्याने लिहिलं, ‘दुसरी’.

“रामहरी, चष्म्याचा नंबर वाढला का?”

“डोळे ठीक हायत माझे. तुमीच मोजा की.”

त्रिंबकरावांनी पेनच्या टोकाने मोजलं. दुसरी. घरच्या पेपरातही दुसरी.

त्यांना पहिला संशय दानम्माचा आला, पण ती बाकावरून उठलेली नव्हती. मग रामहरीचा आला. त्यांनी थुंकी लावून कागद चोळला, पान उजेडाला धरलं. कुठे खळ नव्हती, जोड नव्हता. फायलीच्या दोऱ्याच्या गाठींवर सात वर्षांची धूळ जशीच्या तशी होती. स्वतःवर संशय घ्यायची कचेरीत पद्धत नसल्यामुळे तपास तिथेच थांबला.

“बाई, हे कुणी केलं?” त्यांचा आवाज आपसूक खाली आला होता.

“कुणी न्हाई, साहेब. इतके दिस सालाला एक रांग चालायचा. आता तुमी त्याच्या मरणाचा कागद घिऊन आलात...” ती फोटोकडे बघतही नव्हती. “आता घाई करंल.”

त्रिंबकरावांनी फायलीचा दोरा सोडून तो अंक काढून घेतला, दोन्ही पेपर लखोट्यात घातले, लाखेची मोहोर केली, रामहरी आणि दानम्मा दोघांच्या सह्या घेतल्या.

आठ दिवसांनी नायब तहसीलदारांसमोर लखोटा फोडला. मोहोर शाबूत होती. पहिल्या रांगेच्या मधोमध एका माणसाएवढी जागा मोकळी होती, आणि तिच्या दोन्ही बाजूंची पोरं तोंड मिटून त्या जागेकडे बघत होती. दोन्ही पेपरांत.

बसप्पा खुशीत आले. “हाय का कोण त्यात? मी काय म्हणत व्हतो?”

दानम्मा भांडली नाही. तिने पदर सारखा केला. साहेबांनी विचारलं, काही सांगायचंय का.

“जाते मी. दोघांचा सैपाक करायचाय.”

त्यानंतरच्या तीन तारखांना अर्जदार बसप्पा आले नाहीत. चौथ्या तारखेची नोटीस घेऊन शिपाई मुंजाजी त्यांच्या दुकानावर गेला. त्याच्या जबानीनुसार दुकानाची एकच फळी उघडी होती. त्याने दोनदा नाव घेऊन हाक मारली. आतून एक हात आला, कागद आत गेला, सही होऊन परत आला. बसप्पा दिसले नाहीत.

पोच फायलीत लावली आहे. सही महांतेश यांची आहे. फायलीतल्या त्यांच्या कॉलेजच्या फॉर्मवरील सहीशी ती जुळते.

अर्जदार गैरहजर. नोटीस बजावली. अर्ज प्रलंबित.