अठ्ठेचाळीस आकड्यांचे हातमोजे

सायमी हक्कारायनेन वाचनालयात शिरली ती पाठमोरी, कारण दार ढकलायला हात मोकळा नव्हता. दोन्ही हातांत लोकरी घोंगडीत गुंडाळलेला कॉम्प्युटरचा डबा होता. तिने पाठीने दार लोटलं, गर्रकन वळली — आणि एका उंच माणसाच्या छातीवर जाऊन आदळली.

“सावकाश,” तो म्हणाला.

“धरा,” ती म्हणाली.

हिर्विलाहती गावात दोन अनोळखी माणसांनी पहिल्याच भेटीत एवढं बोलणं म्हणजे जरा अतीच. तिथे नवा शेजारी आला तर लोक पाचेक वर्षं अंदाज घेतात, मग मान हलवतात. आणि घाई केली की काय, म्हणून महिनाभर चुटपुट लावून घेतात.

त्याने डबा अलगद टेबलावर ठेवला. घोंगडीवरचा बर्फ निगुतीने झटकला. एवढी नाजूक बोटं एवढ्या आडदांड माणसाला कुणी दिली, असा एक विचार सायमीच्या मनात येऊन गेला. दर मंगळवारी वाचनालयात कॉम्प्युटरची अडचण सोडवणारा माणूस बसतो, हे तिने ऐकलं होतं. सप्टेंबरात तो गावात आला, नाव ओत्सो, एवढंच लोकांना ठाऊक होतं. तो बोलत नाही म्हणून लोकांना आवडला होता.

“नंबर घ्या,” ओत्सो म्हणाला.

“माझा कॉम्प्युटर तुमच्या टेबलावर आहे.”

“हो. पण नंबर तुमच्या हातात नाही.”

खोलीत त्या दोघांखेरीज फक्त ऐलाकाकू होत्या, खिडकीशी विणत बसलेल्या. तरी सायमीने भिंतीवरच्या यंत्रातून चिठ्ठी ओढली. चौदा. पाटीवर बारा दिसत होता. तो खुर्चीत बसला, बटण दाबलं. टिंग. तेरा.

“माझा,” ऐलाकाकूंनी चिठ्ठी वर धरली. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या ऐलाकाकूंच्या घरी कॉम्प्युटर नव्हता, पण नंबर त्या दर मंगळवारी घेत.

“काय अडचण आहे, ऐलाकाकू?”

“कॉफी संपलीय.”

त्याने कॉफी ओतून दिली. टिंग. चौदा.

“बोला,” तो म्हणाला, जणू ती आत्ताच आली होती.

सायमी बोलली. गेली चार वर्षं ती आजूबाजूच्या म्हाताऱ्यांकडून हातमोज्यांचे जुने नमुने गोळा करत होती. दोनशे बारा नमुने, एकेक टाका चौकटीत भरून काढलेले. ज्यांनी ते दिले त्यांतल्या निम्म्या बायका आता स्मशानात होत्या. छापखान्याला सगळं आज दुपारी बारापर्यंत हवं होतं. नाही पोचलं तर पुस्तक रद्द. घड्याळात दहा वीस झाले होते.

“बॅकअप?”

“बॅकअप संशयी माणसं ठेवतात.”

ओत्सोने तिच्याकडे पाहिलं. राखाडी डोळे, त्यांत हसू होतं, पण दाखवायचं की नाही याचा निर्णय झाला नव्हता. “झालं काय?”

“अपडेट लावलं होतं. ‘बंद करू नका’ असं पडद्यावर होतं, मी बंद केलं नाही. मी फक्त सौनाची विजेची शेगडी पेटवली... आणि ओव्हनमध्ये भाताच्या करंज्या ठेवल्या.”

“आणि घराचा मुख्य फ्यूज उडाला.”

“उडाला.”

“सौना, ओव्हन आणि अपडेट. तिन्ही एकदम?”

“शनिवार होता हो!”

त्याने गंभीरपणे मान डोलावली. यंत्रासाठी शनिवारचा सौना, आठवड्याचं वाफेचं स्नान, पुढे ढकला, असं कुठला सभ्य माणूस सांगेल?

त्याने डबा पडद्याला जोडला. बटण दाबल्यावर चिन्ह उगवलं, ठिपक्यांनी दोन फेऱ्या मारल्या, पडदा काळा झाला. मग पुन्हा चिन्ह, पुन्हा ठिपके, पुन्हा काळोख.

“शनिवारपासून हेच चाललंय,” सायमी म्हणाली.

“अर्धा नवा झालाय, अर्धा जुना राहिलाय. कुठल्या पायावर उभं राहावं ते त्याला कळत नाहीये.” ओत्सोने खिशातून पेन ड्राइव्ह काढला. “त्याला क्षणभर बाजूला बसवू. याच्यावरून सुरू करू आणि आत डोकावू.”

आत डोकावता आलं नाही. पडद्यावर निळी चौकट आली: डिस्क कुलूपबंद आहे, अठ्ठेचाळीस आकड्यांची किल्ली द्या.

“किल्ली कुठे लिहून ठेवलीत?”

“लिहून?” सायमी आत्मविश्वासाने हसली. “कागद हरवतात. मी विणून ठेवली.” आणि तिने डाव्या हातातला हातमोजा काढून त्याच्यापुढे ठेवला. “एका ओळीत पांढरे टाके जितके, तितका आकडा. लाल ओळ म्हणजे शून्य. याच्यावर चोवीस, उजव्यावर चोवीस.”

ओत्सोने हातमोज्याला हात लावला नाही. त्याचे कान मात्र हळूहळू लाल होऊ लागले.

“उजवा... कुठाय?”

“हरवला. दोन आठवडे झाले, तळ्याच्या रस्त्यावर. आणि आता तुम्हीच सांगा — सापडलेला हातमोजा माणूस काय करतो? जवळच्या कुंपणाच्या खुंटीवर अडकवतो! ज्याचा आहे तो परत येतो नि घेऊन जातो. माझ्या पणजीच्या काळापासून या गावात कुणी दुसऱ्याचा हातमोजा उचलून नेला नाही. मी सगळी कुंपणं तीनदा पाहिली. कोण असेल तो नराधम?”

“कावळा असेल,” ओत्सो पुटपुटला.

“कावळ्याला शरम असते. हा माणूसच. एका हातमोज्याचा चोर! अशा माणसाशी कोण बोलेल? कोण त्याला सौनात घेईल?”

“कुणीच नाही,” ऐलाकाकू सुया न थांबवता म्हणाल्या.

ओत्सोने एक श्वास घेतला. टेबलाचा खालचा खण उघडला. पातळ कागदात, घडी न मोडता ठेवलेला उजवा हातमोजा त्याने डाव्याशेजारी ठेवला.

सायमीने आधी हातमोज्याकडे पाहिलं, मग त्याच्या लाल कानांकडे.

“बर्फ लोटणारी गाडी येत होती,” शेवटी तो म्हणाला. “चिरडला असता. म्हणून उचलला.”

“आणि गाडी गेल्यावर?”

“गेल्यावर... खुंटीवर अडकवणार होतो.”

“दोन आठवडे गाडी जातच होती का?”

“ओळी जुळत नव्हत्या.” त्याने आता तिच्याकडे सरळ पाहिलं. “चोवीस ओळी, आणि कशाचा कशाशी मेळ नाही. पण एकही टाका ढिला नाही. मला वाटलं, इतकं चुकीचं इतक्या ठामपणे विणणारं माणूस आहे तरी कोण... एकदा भेटावं.”

सायमीने डावा हातमोजा उजव्याशेजारी सरळ करून ठेवला.

“मग हे आकडे असावेत असं वाटलं. पहिले दहा मी फोनवर फिरवले.”

“फिरवले? कुणी उचलला?”

“तुर्कू बंदरातल्या एका म्हाताऱ्या खलाशाने. आता आम्ही दर रविवारी बोलतो.”

ती हसली. थांबवूनही थांबेना तशी हसली, आणि हसता हसता हातमोजा उचलला तर अंगठ्याखाली, सतराव्या ओळीवर, लोकरीचा एक नीटस चौकोन दिसला. रंग जरासा वेगळा.

“हे काय?”

“कावळ्याने खरंच चोच मारली होती. मी रफू केलं.”

“इथे एक आकडा होता.”

“...होता?”

“कात्री द्या. रफू उसवलं की खालचे टाके मोजता येतील. अर्ध्या मिनिटाचं काम.”

त्याने निमूट कात्री दिली. “दोन संध्याकाळी लागल्या होत्या,” एवढंच म्हणाला — तक्रार म्हणून नव्हे, नोंद म्हणून.

सायमीने रफू पाहिलं. बारीक, सरळ, आडवे-उभे धागे. आपल्याला कधी न भेटलेल्या माणसाच्या हातमोज्यासाठी. घड्याळात अकराला सात कमी होते. तिने कात्री खाली ठेवली.

“दहाच तर शक्यता आहेत,” ती म्हणाली. “चला. तो आकडा सात आहे. माझी खात्री आहे.”

“कशावरून?”

“माझी खात्री नेहमीच असते.”

तिने दोन्ही हातमोजे चढवले आणि मुठी समोर धरून वाचायला लागली. तो टाइप करत गेला. अठ्ठेचाळीस आकडे, त्यांत सात. पडदा म्हणाला, चूक. पुन्हा सगळे, त्यांत तीन. चूक. पाच. चूक. दर खेपेला ती पडद्याकडे जरा जास्त वाकत होती, आणि दर खेपेला तो जरा कमी सरकत होता. त्याच्या स्वेटरला डांबराचा आणि चुलीच्या धुराचा वास होता. नवाच्या वेळी तिने एक ओळ दोनदा वाचली.

“हे झालं होतं,” तो हळूच म्हणाला.

“माहीतेय. तुम्ही ऐकताय का ते बघत होते.”

“ऐकतोय.”

आठ, चूक. अकरा अडतीस. ऐलाकाकूंचं विणणं थांबलं होतं.

“चार,” सायमी म्हणाली. “आता खरंच खात्री आहे.”

निळी चौकट गेली. फायलींची यादी पडद्यावरून पावसासारखी उतरली, आणि तिच्यात तो फोल्डर होता: दोनशे बारा. सायमीने त्याचं मनगट घट्ट धरलं. त्याने सोडवून घेतलं नाही. दुसऱ्या हाताने काम चालू ठेवलं.

“आधी माणसं बाहेर काढायची, मग घर दुरुस्त करायचं.” त्याने फोल्डर पेन ड्राइव्हवर उतरवला, तो वाचनालयाच्या कॉम्प्युटरला लावला. अकरा एक्कावन्नला दोनशे बारा नमुने छापखान्याकडे रवाना झाले. सातव्या मिनिटाला ‘मिळाले’ असं उत्तर आलं. मग त्याने अर्धवट अपडेट शांतपणे मागे घेतलं. डबा पुन्हा सुरू झाला. चिन्ह, ठिपके, ठिपके... आणि पडद्यावर तिने लावलेला गोठलेल्या तळ्याचा फोटो.

“झालं. पण अपडेट पुन्हा लावावं लागेल,” ओत्सो म्हणाला.

“कधी?”

त्याने तोंड उघडलं. कान लाल झाले. “पुढच्या मंगळवारी या,” तो म्हणाला. “नंबर घ्या.”

ऐलाकाकूंनी मोठा सुस्कारा सोडला.

सायमीने डबा घोंगडीत गुंडाळला. खिशातल्या चौदा नंबरच्या चिठ्ठीमागे पेन्सिलीने चार शब्द खरडले. बाहेर येऊन तिने डबा आपल्या लोखंडी पट्ट्यांवर सरकणाऱ्या घसरखुर्चीवर बांधला. मग उजवा हातमोजा काढून त्यात चिठ्ठी सारली, आणि वाचनालयाच्या खिडकीसमोरच्या खुंटीवर तो अडकवला. अंगठा वर करून, सगळ्या गावाला दिसेल असा. एक पाय पट्टीवर ठेवला, दुसऱ्याने बर्फ रेटला आणि निघाली. वळणापर्यंत मागे बघायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. तिसऱ्याच रेट्याला बघितलं.

खिडकी उघडी होती. “अरे,” ऐलाकाकूंचा आवाज स्वच्छ हवेत खणखणीत आला, “आज गाडी येत नाहीये. आज काय सबब सांगणार?”

दार धाडकन उघडलं. ओत्सो कोटाशिवाय, टोपीशिवाय धावत आला. भर दुपारी, पोस्टासमोर उभ्या असलेल्या पाच माणसांच्या साक्षीने त्याने तोच हातमोजा दुसऱ्यांदा चोरला. चिठ्ठी काढली. वाचली: शनिवार, पाच वाजता, सौना. मग त्या न बोलणाऱ्या माणसाने असा आवाज काढला की तळ्यावरचे मासेमारही वळून बघू लागले —

“ओव्हन लावू नकोस! करंज्या मी भाजून आणतो!”

यापेक्षा स्पष्ट कबुली त्या गावात आजवर कुणी कुणाला दिली नव्हती. पोस्टासमोरच्या पाचजणांनी आदराने नजर दुसरीकडे वळवली.

“ओरडतोस काय!” सायमी म्हणाली, पण त्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने; आणि खुर्ची रेटली. उणे चौदा अंश होते, उजवा हात उघडा होता, आणि तिला गार लागत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदाच तिने अर्धी किल्ली दुसऱ्या माणसाकडे ठेवली होती. ती हरवणार नाही, याची तिला खात्री होती. सातच्या आकड्याइतकी नव्हे. चारइतकी.